इर्माच्या भोपळ्याचं वजन

१

शनिवारी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी, चारशे माणसांच्या डोळ्यांदेखत, इर्मा स्टॅडलरच्या भोपळ्याचं वजन नाहीसं झालं.

भोपळा जागेवरच होता. तो हलवायला एक फोर्कलिफ्ट आणि सहा माणसं लागत, त्यामुळे कोणी खिशात घालून नेण्याचा प्रश्न नव्हता. फक्त वजन गेलं. गॉर्डी व्हॉसने काट्याला जोडलेल्या डब्याचं बटण दाबलं, सगळ्यांनी माना वर करून मोठ्या पडद्याकडे पाहिलं, आणि पडद्यावर इर्माच्या नावापुढे शून्य राहिलं. भोपळ्याला भोपळा मिळण्याची ऑस्टबर्गच्या जत्रेतली ही पहिलीच वेळ.

काट्यावरचा आकडा कोणी पाहिला नव्हता. त्यावर समितीने काळी चिकटपट्टी लावली होती. उत्कंठेसाठी. मागच्या वर्षी पुढच्या रांगेतले लोक आकडा पडद्याच्या आधीच ओरडून सांगत होते आणि अध्यक्षांना ते फार लागलं होतं.

गॉर्डीने डबा बंद करून पुन्हा चालू केला. काटा रिकामा करून, शून्यावर आणून भोपळा पुन्हा तोलायचं ठरलं. फोर्कलिफ्टने पट्टे उचलले, एक पट्टा सरकला, भोपळा वीतभर खाली आदळला आणि त्याच्या बुडाला अंगठा जाईल एवढं भोक पडलं. भोक आतल्या पोकळीपर्यंत गेलं की भोपळा स्पर्धेतून बाद, हा विस्कॉन्सिनपासून नोव्हा स्कोशियापर्यंत सगळीकडचा नियम. बाद भोपळा तोलतही नाहीत. बाद भोपळ्याची होडी करतात.

दुपारच्या होड्यांच्या शर्यतीत महापौर इर्माच्या भोपळ्यात बसले. भोक नेमकं कुठे आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. तळ्याच्या मधोमध ते हात हलवत हलवत खाली गेले. महापौरांना बाहेर काढलं. भोपळा अजून तिथेच आहे.

तर पुरावा तळ्याच्या तळाशी, आणि प्रश्न वर: वजन गेलं कुठे?

तो प्रश्न समितीने नेल्स टॉफ्टीला विचारला होता, तोही भर सभेत. नेल्स सव्वीस वर्षांचा, एरवी दुधाच्या डेअरीत संगणकांची देखभाल करणारा. पडद्याचा प्रोग्रॅम त्याने जत्रेसाठी फुकट लिहून दिला होता आणि फुकट दिल्याची आठवणही तो फुकटच करून देत असे. त्याच्या हातात माईक आला. आयुष्यात पहिल्यांदा आला. नेल्सने तो नीट दोन्ही हातांत धरला.

"सोपं आहे," तो म्हणाला. "डबा वजन पाठवतो ते माझ्या लॅपटॉपवरच्या एका पत्त्यावर. पाच हजार नंबरचं पोर्ट. तिथे माझा प्रोग्रॅम बसलेला असतो. त्या पत्त्यावर दुसरं कोणी बसूच शकत नाही. बसायला गेलं तर मशीन सांगतं, जागा भरली आहे, फुटा. म्हणजे वजन पाठवलं असतं तर मलाच मिळालं असतं. मला मिळालं नाही. म्हणजे ते पाठवलंच गेलं नाही. मशीन खोटं बोलत नाही."

टाळ्या पडल्या. मग टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानात आलं की वजन पाठवण्याचं काम एकाच माणसाकडे होतं, आणि पहिल्या नंबरवर त्याच माणसाचा मेहुणा होता.

चारशे माना एकदम गॉर्डी व्हॉसकडे वळल्या.

२

रविवारी चर्च सुटल्यावर भोपळा-स्पर्धांच्या महासंघाची तपासनीस आली. मार्लीस ट्रेविक, साठीची, अंगाने भरलेली, हातात तळलेल्या चीज कर्ड्सचा, म्हणजे चीजच्या गोळ्यांचा, कागदी द्रोण. एरवी ती मॅडिसनजवळच्या तांत्रिक कॉलेजात नेटवर्किंग शिकवत असे. भोपळ्यांचे तंटे ती शनिवार-रविवार सोडवत असे आणि त्यातच तिला जास्त मान होता.

"दोन वाजता बैठक," अध्यक्षांनी सांगितलं. "गॉर्डीला काट्यावरून कायमचा काढायचा ठराव आहे. एकतीस वर्षं काटा सांभाळला हो त्याने. पण लोक ऐकत नाहीत."

"कोणाचं ऐकत नाहीत?"

"नेल्सचं ऐकलं ना त्यांनी."

"हां," मार्लीस म्हणाली आणि एक कर्ड तोंडात टाकलं.

नेल्सला तिच्या मदतीला दिलं होतं. तिची पिशवी धरायची आणि कोण कुठे बसतं ते दाखवायचं. हे काम आपल्या पात्रतेचं नाही असं त्याला वाटलं, पण काल त्याला माईक मिळाला होता, तेव्हा आज पिशवी चालण्यासारखी होती.

पहिला डेल हॉप्की. गॉर्डीच्या बायकोचा भाऊ, दोन हजार तीनशे अकरा पौंडांचा विजेता. तो आपल्या भोपळ्याला टेकून उभा होता आणि भोपळ्यावर निळी फीत होती.

"मला विचाराल तर," डेल म्हणाला, "गॉर्डी माझ्यासाठी बोटसुद्धा हलवणार नाही. मी त्याचं जमीन नांगरायचं मशीन बावीस साली नेलं ते अजून दिलं नाही."

"का नाही दिलं?"

"मोडलं."

"तुम्हाला तो जिंकायला का मदत करेल मग?"

"तेच तर म्हणतोय मी बाई! कोणी ऐकेल तर शपथ!"

इर्मा स्टॅडलर आपल्या रिकाम्या ट्रेलरवर बसून विणत होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिने भोपळ्याचं नाव रीतीप्रमाणे वजनावरून ठेवायचं म्हणून पाटी तयार ठेवली होती. त्यावर तिचं आडनाव आणि साल होतं, आकड्याची जागा मोकळी.

"गॉर्डीने केलं असं वाटतं तुम्हाला?" मार्लीसने विचारलं.

"गॉर्डीने शाळेच्या बसमध्ये माझ्या चारही मुलांना बारा वर्षं नेलं-आणलं. एकदा धाकट्याचा एक बूट बसमध्ये राहिला तर तो माणूस अकरा मैल उलटा आला बूट घेऊन." इर्माने एक टाका सोडवला. "पण मशीन खोटं बोलत नाही म्हणे. या पोराने सांगितलं." सुई तिने नेल्सकडे केली. "शिकलेला आहे."

नेल्सने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याच बसमधून तोही बारा वर्षं गेला होता. अजूनही तो गॉर्डीला मिस्टर व्हॉसच म्हणे.

"एक सांग राजा," चालता चालता मार्लीस म्हणाली, "डब्याला दिवा आहे ना? तो कधी लागतो?"

"हिरवा? वजन पोचलं, असं उत्तर परत आलं की. नाही आलं तर लाल."

"काल कुठला लागला?"

"मिस्टर व्हॉस म्हणतात हिरवा. पण ते म्हणणारच."

"आणखी कोणी पाहिला?"

"कोणी नाही," नेल्स म्हणाला. आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून आवाज आला:

"मी पाहिला की! मला मेलं कोण विचारतंय!"

३

आवाज रोवेनाचा होता. रोवेना बॉयसेन चीज कर्ड्सची गाडी चालवत असे, काट्यापासून आठ पावलांवर. तळणाच्या वासात आणि भांडणाच्या तयारीत ती बारा महिने उभी असे.

"काल दोन नंबरचं तळणीचं मशीन लावलं मी. गर्दी वाढली ना. लावलं तशी शेडमधली वीज गेली आणि आली. डोळा मिटावा तेवढीच. गॉर्डीने माझ्याकडे बघून एक शब्द वापरला, तो मी रविवारी उच्चारत नाही."

"मग?"

"मग त्याच्या डब्याचा दिवा विझला, लुकलुकला, जागा झाला. मग त्याने बटण दाबलं. हिरवा लागला. माझ्या तेलाच्या पातेल्यात पडला उजेड, म्हणून लक्षात राहिला. मला वाटलं तेल बिघडलं."

"हे कोणाला सांगितलंत?"

"तीनशे लोक कर्ड्स मागत होते. सांगू कधी? तळून झाल्यावर तर गॉर्डी चोर ठरलेला होता."

मार्लीसने आणखी एक द्रोण घेतला. शेडच्या पायरीवर बसून तिने तो अर्धा संपवला आणि मगच बोलली.

"म्हणजे गॉर्डीने पाठवलं. आणि कोणीतरी 'मिळालं' म्हणून उत्तर दिलं."

"तसं होऊच शकत नाही," नेल्स म्हणाला. "पत्ता एक, प्रोग्रॅम एक. रोवेनाला भास झाला असेल. तेलाचा."

"असेल." तिने बोटं पुसली. "तुझ्या प्रोग्रॅमचं सांग. सकाळी नीट चालू झाला?"

"आठ वाजता जरा कुरकुरला. जाहिरातीचं एक चित्र फार मोठं होतं, ते आलं की प्रोग्रॅम पडायचा. तीनदा पडला. मी फोनवरून खोटी वजनं पाठवून बघत होतो. मग चित्र काढलं. नऊ वाजता मिस्टर व्हॉसनी डबा लावला तेव्हा सगळं झक्क."

"खोटी वजनं सगळी पडद्यावर आली?"

"सहातली चार. फोनला तिथे रेंज नसते."

"तीनदा पडला तेव्हा तीनदा परत चालू केलास."

"हो."

"प्रत्येक वेळी किती थांबावं लागलं?"

नेल्सला प्रश्नातली मेख दिसली नाही. उलट त्याला हा प्रश्न आवडला. "थांबायचं कशाला? एक सेकंद नाही. पडला की उभा, पडला की उभा. माझे प्रोग्रॅम तसेच असतात."

मार्लीसचं चावणं थांबलं.

सकाळपासून पहिल्यांदा थांबलं. तिने नेल्सकडे पाहिलं, अगदी मायेने, दाताच्या डॉक्टरने पाहावं तसं.

"जा, जेवून घे," ती म्हणाली. "आणि राजा, जेवायच्या आधी तुझा लॅपटॉप एकदा उघडून बघ. मी बघायच्या आत तू बघितलेलं बरं."

४

सूत्रसंचालकाच्या खोपटात कोणी नव्हतं. बारा वाजून गेले होते. लॅपटॉप कालपासून चार्जरला लावलेला, तसाच जागा होता.

किती थांबावं लागलं. नेल्स तो प्रश्न पुटपुटत खुर्चीत बसला आणि अर्ध्या वाटेवरच त्याला उत्तर आठवलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतं ते. एखादा प्रोग्रॅम पत्ता सोडून गेला की ऑपरेटिंग सिस्टीम ती जागा लगेच दुसऱ्याला देत नाही. मिनिटभर रिकामी ठेवते. गेलेल्याच्या नावाचं उरलंसुरलं टपाल वाटेत असू शकतं, ते नव्या माणसाच्या हाती पडू नये म्हणून. तेवढ्यात कोणी जागा मागितली तर ती म्हणते, पत्ता वापरात आहे.

म्हणजे आठ वाजता त्याला तीनदा थांबावं लागायला हवं होतं. मिनीट-मिनीट. एकदाही लागलं नाही.

त्याने आपला प्रोग्रॅम उघडला. वरून अकराव्या आणि बाराव्या ओळीवर त्याला उत्तर सापडलं. दोन ओळी होत्या, दोन वर्षांपूर्वी डेअरीच्या कामासाठी कुठूनतरी उचललेल्या. तेव्हापासून तो प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर त्या चिकटवत आला होता, सर्दीला बाम चोळावा तशा. वर त्याच्याच हातची टीप होती: 'का चालतं माहीत नाही. काढू नये.'

पहिली ओळ निरुपद्रवी. जुना गेलाय, त्याचं टपाल येईल तेव्हा येईल, मला आत घे. ही ओळ सगळेच टाकतात.

दुसरी ओळ त्याने आज पहिल्यांदा वाचली. आत कोणी जिवंत बसलेला असला तरी हरकत नाही, आम्ही दोघं वाटून घेऊ.

आणि सिस्टीम अशी वाटणी मान्य करते. अटी दोनच: दोघांनीही ती ओळ म्हटलेली हवी आणि दोघंही एकाच मालकाचे हवेत. मग दारात येणारा प्रत्येक नवा पाहुणा ती आपल्या हिशेबाने कधी याच्याकडे पाठवते, कधी त्याच्याकडे. कोणाला विचारत नाही. सांगतही नाही.

नेल्सला शुक्रवार आठवला. शुक्रवारी त्याने लॅपटॉपला शिकवून ठेवलं होतं की चालू झालास की प्रोग्रॅम आपोआप चालू कर. शनिवारी लॅपटॉपवर प्रोग्रॅमची खिडकी दिसली नाही, तेव्हा 'जमलं नाही वाटतं' म्हणून त्याने तो हाताने चालू केला होता.

पाच हजार नंबरवर कोण कोण आहे, असं त्याने मशीनला विचारलं.

मशीन खोटं बोललं नाही. दोन ओळी आल्या. एक प्रोग्रॅम शनिवारी सकाळचा, त्याने स्वतः सुरू केलेला. दुसरा त्याच्या वीस मिनिटं आधीचा, बिनखिडकीचा, बिनपडद्याचा, अंधारात बसून आल्या-गेल्याची नोंद करणारा. तोही त्याचाच.

नेल्सने त्या दुसऱ्याची नोंदवही उघडली. तीनच नोंदी. ९९९९ आणि १. ही दोन सकाळची खोटी वजनं, रेंजच्या नावावर खपवलेली. आणि मग, ११:४२ ला:

२४८६.५

दोन हजार चारशे साडेशहाऐंशी पौंड. डेलपेक्षा पावणेदोनशे जास्त. ऑस्टबर्गच्या काट्यावर आजवर आलेलं सगळ्यात मोठं वजन, आणि ते जगात फक्त इथे, या फाइलीत, एका ओळीत होतं. ही ओळ पुसायला एक बोट पुरलं असतं. कोणाला कधीच कळलं नसतं. काल माईकवर बोललेला शब्द न् शब्द खरा राहिला असता.

ते बोट बटणावर ठेवून नेल्स बसला होता, तेव्हा दार वाजलं.

मिस्टर व्हॉस होते. टोपी हातात, केस चापून बसवलेले, चर्चचा शर्ट. नेल्सने लॅपटॉपचं झाकण पाडलं.

"तुझ्याशी एक बोलायचं होतं, नेल्स. बस, बस. उठू नकोस." ते स्वतः उभेच राहिले. "काल तू जे बोललास त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. लोक म्हणतायत मी तुझ्यावर चिडलोय. तसं काही नाही. तुला विचारलं, तू माहीत होतं ते सांगितलंस. तुझा धंदा आहे तो."

नेल्सने पंजा झाकणावर दाबून धरला.

"मी रात्रभर विचार करतोय," मिस्टर व्हॉस म्हणाले. "मला दिसतोय बघ तो दिवा. हिरवा. पण तू म्हणतोस मशीन खोटं बोलत नाही. मग मलाच दिसला असेल, नाही का? बासष्ट वर्षांचा झालो. रोवेनाच्या त्या मशीनने दचकलो होतो. दाबलं असं वाटलं असेल, दाबलं नसेल. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा चुलीवरचं विसरले, मग आमची नावं." त्यांनी टोपी एकदा फिरवली. "बायकोला अजून सांगितलं नाही. तर मला एवढंच विचारायचं होतं: तुला खात्री आहे ना? म्हणजे शंभर टक्के? तसं असेल तर मी उद्या डॉक्टरकडे जातो."

हीच ती जागा होती. झाकण उचलायचं आणि फिरवून दाखवायचं. चार बोटांचं काम. पुढे आयुष्यभर नेल्सला ही जागा जशीच्या तशी आठवत राहिली: खोपटाची भिंत, झाकणावर त्याचा घामेजलेला पंजा, आणि समोर एक माणूस आपलं डोकं ठिकाणावर आहे का हे त्याला विचारतोय.

"मला... मिसेस ट्रेविकनी बोलावलंय," नेल्स म्हणाला.

"जा, जा," मिस्टर व्हॉस घाईने म्हणाले. "तुला उशीर नको." आणि त्यांनी नेल्ससाठी दार उघडून धरलं.

५

दोन वाजता शेड भरली. काल होते तेवढे नाहीत, पण दीडशे तरी. महापौर कोरड्या कपड्यांत पहिल्या रांगेत होते. नेल्स लॅपटॉप छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. ओळ पुसलेली नव्हती. पुसली नव्हती याचा त्याला मोठेपणा वाटेना; फक्त बोट उचलायला दार वाजावं लागलं, एवढंच खरं होतं.

मार्लीस ट्रेविक उभी राहिली. द्रोण नव्हता. त्यामुळे ती एकदम वेगळीच दिसत होती.

"लोकहो, एकेक करून बघू. डेल हॉप्कीने वजन गिळलं का? त्याला डबा उघडतासुद्धा येत नाही. आणि गॉर्डीने मेहुण्यासाठी केलं म्हणाल, तर डेलने त्याचं मशीन मोडून ठेवलंय."

"ते तसंच मोडलं!" डेल मागून म्हणाला.

"रोवेना बॉयसेनने मुद्दाम वीज घालवली? वीज गेली खरी. अकरा बेचाळीसला, तळणीमुळे. डबा क्षणभर मेला आणि जागा होऊन त्याने लॅपटॉपशी नव्याने संबंध जोडला. हे महत्त्वाचं. सकाळी नऊपासून तो एकाच जोडणीवर बोलत होता. त्या क्षणी ती तुटून नवी झाली. मग गॉर्डीने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. रोवेनाने पाहिला."

"तेलात!" रोवेना म्हणाली.

"तेलात. पण हिरवा. हिरवा म्हणजे पलीकडून उत्तर आलं. म्हणजे त्या पत्त्यावर त्या क्षणी कोणीतरी बसलं होतं, ज्याने वजन घेतलं, 'मिळालं' म्हणून सांगितलं, आणि पडद्याला कळवलं नाही. पडदा कोरा बघून गॉर्डीने डबा बंद-चालू केला. पुन्हा नवी जोडणी. आणि त्यानंतरची सगळी वजनं पडद्यावर बिनचूक. म्हणजे या वेळी डबा दुसऱ्या हाती लागला. एका दारामागे दोन माणसं होती. लोकहो, दोन."

कुजबुज झाली. "पण एका पत्त्यावर दोघं बसूच शकत नाहीत," अध्यक्ष म्हणाले. "काल सांगितलं ना."

"एरवी नाही बसत. बसतात कधी, ते मला ठाऊक आहे. बसलं कोण होतं, ते सांगायचं काम—"

ती नेल्सकडे पाहत होती. नेल्सने लॅपटॉप छातीशी आणखी घट्ट धरला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने खुर्ची सरकली. गॉर्डी व्हॉस उठला होता.

"हे थांबवा आता," तो म्हणाला. आवाज बसलेला. "मार्लीस, तुमची मेहनत समजते. पण आता आणखी कोणाचं नाव यायला नको. मी नाही दाबलं बटण. मला वाटतं मी दाबलं, पण माझा आता माझ्यावरच भरवसा उरलेला नाही. इर्मा, तुझी माफी मागतो. काटा मी सोडतो. ठराव-बिराव घालत बसू नका."

इर्माचं विणकाम मांडीवर पडलं. गॉर्डी खाली बसायला लागला.

"नाही!"

आवाज इतका चिरका होता की तो आपला आहे हे नेल्सला उशिरा कळलं. तो खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला, दोघांच्या पायांवर पाय दिला, त्यातला एक महापौरांचा. टेबलावर लॅपटॉप उघडला. मग तो थांबला, आणि कोपऱ्यातल्या खांबावरून माईक काढला.

"तो कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "ऐकू येतंय सगळ्यांना."

"काल बाहेरच्यांनाही ऐकू गेलं होतं," नेल्स म्हणाला आणि बटण दाबलं.

जत्राभर कर्ण्यांतून त्याचा श्वास ऐकू आला. त्याने सांगितलं. दोन्ही प्रोग्रॅम आपले. दुसरी ओळ आपली. मशीन 'जागा भरली आहे' असं ओरडलं असतं, तर काल सकाळी आठ वाजताच चूक कळली असती. त्या ओरडण्याचा त्रास नको म्हणून दोन वर्षांपूर्वी आपणच त्याचं तोंड बांधून ठेवलं. सहातली दोन वजनं गळाली तेव्हाही आपण फोनला दोष दिला. मिस्टर व्हॉसनी बटण दाबलं होतं. दिवा हिरवाच होता. त्यांच्या डोळ्यांत काही दोष नाही आणि डोक्यात तर नाहीच नाही. मग त्याने आकडा वाचला.

शेडमध्ये असा गलका झाला की चिमण्या छतातून बाहेर पडल्या. मार्लीसने डब्याचं शिक्का मारलेलं कुलूप तपासलं, फाइलीतली वेळ आपल्या वहीत लिहिली आणि जाहीर केलं की वजन मोहोरबंद काट्याचं आहे, भोक पडण्याच्या आधीचं आहे, आणि म्हणून ग्राह्य आहे. डेलने स्वतःच आपली निळी फीत सोडली. सोडताना तो जरा रडला, पण फीत दिली.

इर्माने पिशवीतून खडू काढला आणि पाटीवर मोकळ्या जागेत आकडा लिहिला. मग नेल्सकडे वळून म्हणाली, "शिकलेला आहे, असं मी म्हणाले होते. ते मागे घेते."

"हो," नेल्स म्हणाला.

६

लोक पांगले. बाहेर होड्यांची दुसरी फेरी सुरू व्हायची होती, आणि कालच्या अनुभवावरून महापौरांना बघायला आज जास्त गर्दी होती. मार्लीसने जाता जाता नेल्सच्या खांद्यावर थापटलं.

"तुम्हाला पायरीवरच कळलं होतं," नेल्स म्हणाला. "मग सरळ सांगितलं का नाही?"

"मी वीस वर्षं मुलांना शिकवते. त्यातल्या निम्म्यांनी ती ओळ टाकलेली असते. मी सांगितलं की ते ओळ काढतात. स्वतः सांगावं लागलं की ती कशासाठी आहे ते वाचतात." तिने आपली पिशवी त्याच्या हातातून घेतली. "फार उशीर लावलास तू मात्र."

ती गेली. शेडमध्ये आता तो आणि मिस्टर व्हॉस. मिस्टर व्हॉस काट्याचे पट्टे गुंडाळत होते, एकतीस वर्षांच्या सवयीने, कोपरापासून अंगठ्यापर्यंत. ते हसत नव्हते, पण त्यांची पाठ सकाळपेक्षा सरळ होती. नेल्स जवळ गेला.

"मी तुमची समोरासमोर माफी मागितली नाही अजून."

"माईकवर मागितलीस की. दोनदा. बायकोने घरून फोन केला, तिकडेही ऐकू आलं." पट्टा गुंडाळणं चालूच. "डॉक्टरचा खर्च वाचवलास. ठीक आहे. चुका होतात. मी एकदा अख्खी बस चुकीच्या शाळेत नेली होती."

नेल्सला सुटल्यासारखं वाटलं. तो हसलाही थोडा. तिथेच संपलं असतं तर फार बरं झालं असतं.

"एक विचारू?" मिस्टर व्हॉस म्हणाले. "तुला हे सापडलं कधी?"

वेळ सांगायची होती, बाकी काही नाही. बैठकीच्या आधी, असं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. बैठकीत मार्लीस बोलत होती तेव्हा, असंही चाललं असतं. कोण तपासायला जाणार होतं? मिस्टर व्हॉसनी तर विश्वासच ठेवला असता. ते ठेवतच आले होते.

"बारा वाजून दहा मिनिटांनी," नेल्स म्हणाला.

पट्टा थांबला.

"मी तुझ्याकडे आलो तेव्हा—"

"सव्वाबारा झाले होते."

"माहीत होतं तुला."

"हो. झाकणाखाली होतं. मी पुसणार होतो."

मिस्टर व्हॉसनी पट्टा हळूच काट्यावर ठेवला. ते त्याच्याकडे बघत राहिले, आणि नेल्सला वाटलं की त्यांनी मारलं तर बरं होईल, किंवा ओरडावं तरी. बसमध्ये ते फार छान ओरडत. बाहेर कोणीतरी तळ्यात पडल्याचा आवाज आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे तू माईकवर नाही सांगितलंस," शेवटी ते म्हणाले.

"नाही."

मिस्टर व्हॉसनी खांबाकडे नुसतं पाहिलं.

नेल्स खांबापाशी गेला. माईक काढला. बटण दाबलं. बाहेर भोपळ्यांत बसलेली माणसं वल्ही मारत होती, रोवेना कोणावर तरी ओरडत होती, आणि या सगळ्यांना ऐकण्यासारखं आता काही उरलं आहे असं कोणालाच वाटत नव्हतं.

"आणखी एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "आज दुपारी मिस्टर व्हॉस माझ्याकडे आले होते. तेव्हा मला..."

त्याचा आवाज खाली गेला.

मिस्टर व्हॉस शेडच्या दारात जाऊन उभे राहिले, जिथून बाहेरचा कर्णाही ऐकू येत होता आणि आतला मुलगाही दिसत होता. त्यांनी कानाला हात लावला.

"मोठ्याने, नेल्स," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू जात नाहीये."